कललेला उजेड

चांद्र वर्षाचा सातवा महिना लागला की तैवानातल्या शिन्चूमधल्या त्या प्रयोगशाळेत कोणी कोणाला पूर्ण नावाने हाक मारत नसे. मेलेल्यांना या महिन्यात मोकळीक असते, ते रस्त्यांवरून हिंडतात, आणि एकाने जरी नाव ऐकून ठेवलं तरी मागे लागायची धास्ती. एरवी एका समीकरणावरून एकमेकांच्या उरावर बसणारी ती शिकली-सवरलेली पोरं महिनाभर 'ए', 'अगं', 'तो खिडकीजवळचा' असं बोलत. शिट्टी घालायची नाही, मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही, समुद्राकडे फिरकायचं नाही. हा शेवटचा नियम लू बो-यानने गेल्या वर्षी मोडला.

बंदराच्या भिंतीवर गळ टाकून बसला होता. वारा होता, पण शिन्चूत वारा कधी नसतो? एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. सापडला तेव्हा पायात बूट नव्हते.

याओ पेइ-रोंग प्रयोगशाळेतली त्याची ज्युनियर. भिंग कसं धरायचं इथपासून सगळं तिला त्यानेच शिकवलं होतं. अंत्यविधीला ती प्रयोगशाळेच्या घोळक्यात मागे उभी होती. नातेवाइकांच्या अंगावर तागाचं सुतकी कापड होतं, हिच्या अंगावर मैत्रिणीचा मागून आणलेला काळा शर्ट. तू त्याची कोण, असं तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगणार काय? वर्षभर दोघं एका डब्यातून जेवली, आणि एकदा भर पावसात त्याने आपला रेनकोट काढून हिच्या अंगावर टाकला आणि स्वतः भिजत गेला. एवढ्यावर कोणी विधवा होत नाही. तिच्या वाट्याला आलं ते त्याचं टेबल, आणि त्या टेबलावर ती कोणाला हात लावू देत नसे.

टेबलावरचं काम होतं एका वेगळ्या उजेडाचं. लेसरचा झोत आधी रुंद करायचा आणि मग शंकूसारख्या भिंगातून सोडायचा. पलीकडे मधोमध लखलखीत ठिपका आणि त्याच्याभोवती कड्यांवर कडी उमटतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी. या उजेडाचं वैशिष्ट्य असं, की वाटेत मधोमध काचेवर चिकटवलेलं टाचणीचं डोकं ठेवलं तर लगेच मागे सावली पडते, ठिपका पुसला जातो. पण कॅमेरा आणखी लांब नेऊन पाहावं तर ठिपका परत जागेवर. झोताच्या काठावरचा उजेड तिरका आत येत असतो, तोच पुढे जाऊन रिकामी जागा भरतो. यात चमत्कार काही नाही, पुस्तकांतून लिहिलेलं आहे.

बो-यानला दिसलं ते पुस्तकात नव्हतं. सावरलेला ठिपका त्याला किंचित उजवीकडे कललेला दिसला, कडीही त्या बाजूने फिकी. त्याने टाचण्या बदलल्या, काच बदलली, कल काही गेला नाही. "उजेड सावरतो, पण अडवणाऱ्याला विसरत नाही," असं तो जेवताना म्हणाला होता, आणि मग स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन डब्यातलं शेवटचं अंडं त्याने खाऊन टाकलं होतं. प्रयोगशाळेचे प्रमुख फान सर, त्यांनी शोधनिबंध लिहायला घेतला. तो अर्धा झाला आणि सातवा महिना आला.

बो-यानचं स्टूल टेबलाच्या उजव्या बाजूला असे. मग काय, लोकांना तेवढं पुरलं. त्सुंग-हान नावाचा एक वाचाळ मुलगा होता, तो शपथेवर सांगे की स्टुलापाशी फरशी ओली असते. ओली असायचीच, वर एसी गळत होता. पण एसीवाल्याला बोलवायचं कोणी मनावर घेईना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. फक्त इथल्या भित्र्यांकडे डॉक्टरेट होती.

पेइ-रोंग त्यांना हसायची. आणि सगळे जेवायला गेले की खिडक्यांचे पडदे ओढून, लेसर लावून, कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या त्या कललेल्या ठिपक्याशी बोलायची. आज सर काय म्हणाले, कुठलं भिंग तडकलं, तुझा चहाचा मग त्सुंग-हान वापरतोय. ती वेडी नव्हती. तो तिथे नाही हे तिला कळत होतं. पण जगात दुसऱ्या कुठल्याच जागी तिचा त्याच्यावर हक्क नव्हता. घरी त्याची आई होती, समाधीवर त्याचे आत्या-काका होते. हा ठिपका तेवढा तिचा होता.

पूर्ण तिचाही नव्हता. देवळाजवळ मांसाच्या गोळ्यांच्या सुपाची गाडी चालवणारी लू-मावशी, बो-यानची आई, शंभर दिवस झाल्यावर एकदा प्रयोगशाळेत आली. फान सरांनी भल्या मनाने तिला पडदा दाखवला आणि म्हणाले, "हा कल म्हणजे तुमच्या मुलाचा शोध." मावशीने पडद्यावर बोट ठेवलं. "कसा वाकून बघतोय," ती म्हणाली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी सुपाचा डबा घेऊन ती यायची, पडद्यासमोर बसायची आणि गाडीवरच्या गप्पा मुलाला सांगायची. पेइ-रोंग तिच्यासाठी लेसर लावून बाहेर उभी राहायची. निबंध छापून आला की त्याची एक प्रत मुलाच्या नावाने जाळायची, म्हणजे त्याला पोचेल, एवढीच मावशीची इच्छा होती.

छापण्यापूर्वी निबंध तपासणाऱ्या परीक्षकाने एक साधी मागणी केली. अडथळा काढून टाका, कॅमेरा लांबच ठेवा, आणि तिथला फोटो द्या. वाचून पेइ-रोंगचं तोंड उतरलं. हे त्यांनी कधी केलंच नव्हतं. रिकामा झोत नीट आहे ना, हे बघायला कॅमेरा जवळ ठेवायचे, कारण तिथे वाकून बघायला सोपं पडे. टाचणी लावली की मग तो लांब न्यायचे, कारण ठिपका तिथे सावरतो.

महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी तिने टाचणीची काच काढून खिशात ठेवली आणि पडदे ओढले. पडद्यावर ठिपका आला, तर तो कललेला. वाटेत काही नव्हतं. पुसलं गेलेलं नव्हतं, सावरायचं नव्हतं, आठवण ठेवायला काही कारणच नव्हतं, आणि तरी उजेड उजवीकडे बघत होता. स्टुलाकडे बघायचा तिला धीर होईना. वरून एसीचं पाणी टपकत होतं आणि तिला ते पाणी आहे हे माहीत असूनही पावलं वाजल्यासारखी वाटली. "सीनियर?" ती हळूच म्हणाली, आणि आपण उत्तराची वाट बघतोय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

मग शिकवलेलं कामाला आलं. पांढरं कार्ड घेऊन ती झोताच्या वाटेवरून उलटी मागे निघाली, कॅमेऱ्याकडून लेसरकडे. शंकूच्या भिंगाअलीकडे झोत रुंद आणि गोल असतो. कार्डावर तो गोल पडला, आणि त्याचा उजवा काठ कुरतडलेला होता, उंदराने भाकरीचा काठ खावा तसा. तिने कार्ड आणखी मागे नेलं. कुरतड तिथेच. आणखी मागे नेलं आणि गोल अखंड झाला. मधे होती ती हिरवी पुडी.

तैवानात जिथे यंत्र आहे तिथे ही पुडी आहे. मक्याच्या कुरकुऱ्यांची, आणि हिरवीच हवी. पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं म्हणतात. बँकेत, दवाखान्यात, विमानतळावर, सगळीकडे यंत्रांच्या डोक्यावर ती बसलेली असते. एकदा ठेवली की हलवायची नाही, मुदत संपत आली की नवी आणायची. ही पुडी मावशीने शहरदेवतेच्या देवळात धूप दाखवून बो-यानला दिली होती. तो असल्या गोष्टींना हसणारा, पण आईपुढे कोणाचं चालतं? त्याने ती आपल्या बाजूला भिंगाच्या खांबाला टेकून ठेवली. तो गेल्यावर ती बदलायची कोणाची छाती झाली नाही. हवा कमी होऊन पुडी वाकली नव्हती, पहिल्या दिवसापासूनच तिचा एक कोपरा झोताच्या काठात होता. लाल उजेड हिरव्या कागदावर पडला की काळा दिसतो, म्हणून अंधारात तो कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही पीएचडीचा.

लांब पोचणारा ठिपका काठावरच्या उजेडाने बनतो, आणि काठच चोरला जात होता. तिने पेनाच्या टोकाने पुडी बोटभर मागे सारली. पडद्यावर ठिपका सरळ झाला, गोल, पुस्तकातल्यासारखा. बो-यानचा शोध तेवढ्याने संपला.

तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तोही कोणावर ते कळेना. मग तिने पुडी होती तिथे परत ठेवली. ठिपका पुन्हा कलला. उद्या मावशी येणार आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. अर्धं कारण तेच होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी इमारतीच्या दारात मोठं टेबल मांडून पान वाढलं होतं. बिस्किटं, फळं, शेवया, थंड चहाचे डबे, परक्या मेलेल्यांना हातपाय धुवायला तस्त आणि टॉवेल. फान सर उदबत्त्या वाटत होते. कोणता मेलेला प्राध्यापक काय खाणार, यावर त्सुंग-हान मित्रांशी पैज लावत होता. लू-मावशी त्या सगळ्याला वळसा घालून सरळ आत आली. हातात सुपाचा डबा नव्हता.

"लाव गं ते," ती म्हणाली. "आणि आज बाहेर जाऊ नकोस. मला एकटीला जमायचं नाही."

पेइ-रोंगने पडदे ओढले, लेसर लावला. ठिपका उमटला, कललेला. मावशी स्टुलावर बसली नाही, उभीच राहिली.

"स्वप्नात येतो," ती म्हणाली. "पाय ओले. म्हणतो, आई, माझे बूट कुठे ठेवलेस? रोज तेच. देवळातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही धरून ठेवलंय त्याला. आज रात्री मेलेल्यांच्या जगाचं दार बंद होणार. आज गेला नाही तर आणखी वर्षभर इथंच, या थंड खोलीत. मी निरोप द्यायला आलेय, पोरी."

"मावशी, पण तो इथं..."

"तू मधे बोलू नकोस."

मावशीने पिशवीतून लाल रंगाचे दोन लाकडी ठोकळे काढले, अर्ध्या चंद्रासारखे, एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने फुगीर. कौल लावायचा होता. एक सपाट आणि एक फुगीर पडला की होकार, दोन्ही फुगीर वर आले की नकार, दोन्ही सपाट वर आले की विचारलेला हसतोय. ती गुडघ्यांवर बसली. "बो-यान, आई आलीय. आता निघ बाळा. निघतोस का?"

ठोकळे फरशीवर वाजले. दोन्ही फुगीर.

"हट्टी," मावशी म्हणाली आणि पुन्हा टाकले. दोन्ही सपाट.

"हसू येतंय होय रे तुला? मी इथं गुडघे मोडून बसलेय आणि तुला हसू येतंय?" तिने तिसऱ्यांदा टाकले. पुन्हा नकार. ती पडद्याकडे बघत राहिली, तोंड उघडं, आणि गालांवरून पाणी वाहायला लागलं. "माझं ऐकत नाही," एवढंच ती म्हणाली. "जिवंतपणी तरी कुठं ऐकत होता?"

पेइ-रोंगला ते बघवेना. हात पुढे केला की काम होणार होतं, आणि हात पुढे केला की तिचंही सगळं जाणार होतं. अंधारात मावशीला दिसणार नाही असा तिने हात नेला आणि पुडी मागे ओढली, तशी ती आडवी झाली.

ठिपका सरळ झाला. कडी एकसारखी, कुठे फिकी नाही.

मावशी हळूहळू उठली. "गेला," ती म्हणाली. तिने दोन्ही तळवे पडद्याला लावले आणि मग काढून घेतले. "गेला गं. नीट जा रे. मागं बघू नकोस." किती वेळ ती तशी पुटपुटत होती. मग डोळे पुसून तिने इकडे-तिकडे बघितलं, गाडी बंद करताना बघावं तसं, काही राहिलं का म्हणून. "अगंबाई, ही पुडी का आडवी पडलीय? यंत्र बिघडेल तुमचं." आणि पेइ-रोंग काही म्हणायच्या आत तिने पुडी उचलली, फुंकून साफ केली आणि खांबाला टेकवून जागच्या जागी ठेवली.

ठिपका कलला.

मावशीने पडद्याकडे बघितलं, मग पुडीकडे. पुडी उचलली, ठिपका सरळ. ठेवली, कलला. वीस वर्षं गाडी चालवलेल्या बाईला एवढं समजायला शिक्षण लागत नाही. तिने पुडी छातीशी धरली.

"कधी कळलं तुला?"

"काल."

"आणि सांगितलं नाहीस."

"नाही."

"म्हणजे मीच आड आले होते त्याच्या," मावशी म्हणाली. "माझीच पुडी. मीच धूप दाखवून दिलेली. आता त्याचं नाव छापून येणार नाही."

"नाही येणार. मी आज सरांना सांगणार आहे." पेइ-रोंगने हे स्पष्ट सांगितलं. "तुमच्यामुळं नाही, मावशी. लांबून एकदा रिकामं बघायला पाहिजे होतं. आधी त्यानं बघितलं नाही, नंतर मी बघितलं नाही."

"तो तसाच," मावशी म्हणाली. "घरातून निघताना गॅस बंद केलाय का, ते कधी बघितलं नाही त्यानं. मीच मागून जायची." ती आता स्टुलावर बसली. "पण मग वर्षभर मी कोणाशी बोलत होते? एवढं सगळं सांगितलं मी. सांध्याचं दुखणं सांगितलं, गाडी विकायचं मनात आहे ते सांगितलं. कुरकुऱ्यांच्या पुडीला सांगितलं?"

"मीपण तिलाच सांगत होते," पेइ-रोंग म्हणाली.

हे ती बोलणार नव्हती. वर्षभर कोणाला कळू दिलं नव्हतं आणि आता सरळ तोंडातून निघून गेलं. मावशीने मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं. लेसर लावून मुकाट्याने बाहेर जाणारी मुलगी म्हणून तिने हिला पाहिलं होतं, त्यापलीकडे कधी नाही.

"तू काय सांगत होतीस?"

"काही नाही. आज काय खाल्लं. त्याचा मग कोणी घेतला."

"रोज?"

पेइ-रोंगने मान डोलावली.

"तू कोण होतीस त्याची?"

या प्रश्नाची तिने वाट पाहिली होती, त्या मागून आणलेल्या काळ्या शर्टात, आणि त्यानंतर रोज. "कोणी नाही, मावशी," ती म्हणाली. "त्यानं कधी काही म्हटलं नाही. मीपण नाही." मग ती रडली, चारचौघींसारखी, नाक ओढत, तोंड हातांत लपवून.

मावशीने तिला रडू दिलं. मग पुडी टेबलाखाली ठेवली, दूर, आणि लाल ठोकळे उचलून पुन्हा गुडघ्यांवर बसली. पेइ-रोंगला दंडाला धरून तिने शेजारी बसवलं. पडद्यावर ठिपका सरळ उभा होता, तिकडे दोघींनी बघितलं नाही.

"बो-यान," मावशी म्हणाली, आवाज अगदी घरातला. "जातोस त्याच्याआधी एवढं सांगून जा. ही पोर तुझी होती का?"

तिने ठोकळे टाकले. एक फिरत फिरत लांब गेला आणि थांबला. एक सपाट, एक फुगीर.

होकार. पेइ-रोंगला कळत होतं की दोन लाकडं चारच प्रकारे पडतात आणि त्यांतले दोन होकाराचे. नाणं उडवण्याइतकंच आहे ते. कुठल्याही शहाण्या माणसाने त्यावर विश्वास ठेवू नये. तिला सगळं कळत होतं आणि छातीत काहीतरी वर्षभरानंतर सैल होत होतं.

"लागोपाठ तीनदा आला की पक्का धरायचा," मावशी म्हणाली आणि लांब गेलेल्या ठोकळ्याकडे तिने हात नेला. "थांब, परत विचारते."

पेइ-रोंगने दोन्ही ठोकळे आपल्या हातांनी झाकले. "नको मावशी," ती म्हणाली. "एकदाच बास."